एका नावावर दहा हजेऱ्या

माझ्या सासऱ्यांनी नोकरीची सगळी वर्षं एकच काम केलं, खोटी हजेरी पकडायचं. सातपूरच्या एका कारखान्यात ते टाइमकीपर होते. भोंगा झाला की गेटवर उभं राहायचं, कोण आत गेलं, कोण बाहेर पडलं ते बघायचं, आणि एकाने दुसऱ्याचं कार्ड पंच केलेलं दिसलं की त्याला कॉलरला धरून साहेबापुढे उभं करायचं. एकदा त्यांनी स्वतःच्या मेव्हण्यालाच पकडून दिलं होतं. त्यानंतर माझ्या कैलासवासी सासूबाईंना कित्येक दिवाळ्या माहेरची वाट बंद होती. पण सासऱ्यांना त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. "एक नाव, एक माणूस, एक हजेरी. मग तो मेव्हणा असू दे नायतर देव असू दे," असं ते मला लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच ऐकवून मोकळे झाले होते. मूळचे चांदवडकडचे, त्यामुळे बोलणं तिकडचं आणि आवाज शेतात हाक मारल्यासारखा.

माझा नवरा त्यांच्या अगदी उलट. अंबडच्या एका कंपनीत तो कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळायचा. बोलणं कमी, हसणं जास्त. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेते, म्हणजे सकाळपासून लोकांना टोचायचं आणि त्यांची बडबड ऐकायची, त्यामुळे घरी आल्यावर मला बोलायला कुणीतरी लागायचं आणि तो ऐकायचा. आमचं बरं चाललं होतं. मग एके दिवशी त्याच्या डाव्या पायातली चप्पल चालता चालता निसटली. आम्ही हसलो. चप्पल बदलली. पुढे शर्टाची बटणं लागेनात, मग चहाचा कप धरवेना, मग जीभ जड झाली. मुंबईला दाखवलं, पुन्हा नाशिकला दाखवलं. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. शरीरातला एकेक स्नायू वाळत जातो आणि डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहतं, एवढं मला कळलं. याला औषध नाही, हेही त्यांनी सांगितलं, आणि सांगताना टेबलावरचं पेन उगाच सरळ केलं. मला त्या पेनाचा इतका राग आला की विचारू नका.

बोलणं पूर्ण गेलं तेव्हा त्याच्या डाव्या हाताचं पहिलं बोट तेवढं चालत होतं. त्या एका बोटावर त्याने स्वतःची सोय स्वतः करून ठेवली होती, हात चालत होते तेव्हाच. ब्राउझरमध्ये एक पान उघडायचं. त्यावर मराठी अक्षरांच्या ओळी. एकेक ओळ उजळत जायची, मग ओळीतलं एकेक अक्षर. हवं ते अक्षर उजळलं की बोटाखालचं माऊसचं बटण दाबायचं. असा शब्द जमवायचा, शब्दांचं वाक्य जमवायचं आणि शेवटी 'बोला' असं लिहिलेल्या चौकोनावर थांबायचं. मग कॉम्प्युटर ते वाचून दाखवायचा. आवाज बाईचा होता. मराठीत पुरुषाचा धड आवाजच मिळाला नाही. माझा नवरा बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात "चहात साखर कमी आहे" म्हणायचा, आणि सुरुवातीला आम्ही दोघं त्यावर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचो. सासरे तेवढे खोलीबाहेर निघून जायचे.

सकाळी मी ड्युटीवर गेले की सासरे त्याच्याजवळ बसायचे. नाक पुसायचं, मान सरळ करायची, माशी हाकलायची. तक्रार नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांचे शंभर अपराध पोटात घालत होते.

हिवाळ्यात डॉक्टर घरी आले आणि म्हणाले, छातीचे स्नायू आता दमलेत. एक दिवस श्वास पुरणार नाही. तेव्हा गळ्याला छिद्र पाडून नळी घालता येईल आणि मशीन श्वास देत राहील. घातली तर वर्षानुवर्षं निघतील, पण असंच, पलंगावर, आणि हळूहळू याहून कमी. नाही घातली तर त्रास होऊ न देता जाऊ देता येईल. काय ते त्यानेच ठरवायचं, आणि सांगता येतंय तोवर सांगून ठेवायचं.

आमची खूण अशी होती, डोळे मिटले तर हो, छताकडे बघितलं तर नाही. डॉक्टर जाताच सासऱ्यांनी त्याचा हात धरला. "घालायची ना रे नळी? आपण लय दिवस काढू बघ. मी हाय ना." त्याने डोळे मिटले. हो. सासऱ्यांनी पदरात लेकरू पडल्यासारखं तोंड केलं. संध्याकाळी ते देवळात गेले तेव्हा मी विचारलं, "खरं सांग. तुला असं पडून राहायचं नाहीये ना?" त्याने डोळे मिटले. हो. म्हणजे नळी नको. म्हणजे काय ते मला कळेना. दोन दिवसांनी सासऱ्यांनी पुन्हा विचारलं, त्यांना पुन्हा होच मिळालं. मी पुन्हा विचारलं, मलाही तेच मिळालं. ज्याला जे ऐकायचं होतं ते त्याला देत होता. लहानपणापासून याची खोडच ती, भांडण नको म्हणून दोन्हीकडे मान हलवायची.

मी डॉक्टरांना फोन करून हे सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही कुणी विचारूच नका. प्रश्नात तुमचं उत्तर असतं. त्याला म्हणावं, स्वतःच्या शब्दांत लिही. मी येईन तेव्हा सगळ्यांसमोर ऐकू."

मग तो लिहायला लागला. रोज सकाळी, मी घरात नसताना. मोठं लिहीत होता. दुपारी मी आले की सासऱ्यांनी ते पान खाली सरकवलेलं असायचं, आणि त्यांनाही त्याने ते वाचू दिलं नव्हतं. मी म्हटलं, "बघू?" तो छताकडे बघायचा. 'बोला' दाबत नव्हता, कारण दाबलं की पान कोरं व्हायचं, त्या पानाची रीतच तशी होती. डॉक्टर यायच्या दिवशी एकदाच दाबायचं, असं त्याचं चाललेलं दिसत होतं. मला धाकधूक होती आणि तरी हायसंही वाटत होतं. जे असेल ते असेल, त्याचं असेल. माझ्या डोक्यावरून तरी उतरेल.

त्याच आठवड्यात त्या मेल्या ब्राउझरचं अपडेट आलं. कुणी काही केलं नाही, सकाळी बघितलं तर ते आपोआप होऊन बसलेलं, त्याचं लिहिलेलं तेवढं जागेवर होतं. वरची पट्टी बदललेली, रंग बदललेला. आणि आमचा कॉम्प्युटर जुना, तो धापा टाकायला लागला. अक्षर उजळायचं ते उजळूनच राहायचं. बोट दाबलं की भलतंच अक्षर उमटायचं. सासऱ्यांना ते बघवेना. पोरगा एकेका अक्षरासाठी झगडतोय आणि यंत्र त्याला चकवतंय!

नोकरीच्या शेवटच्या काळात त्यांच्या कारखान्यात हजेरी कॉम्प्युटरवर आली होती. तेव्हा तिथल्या कुणीतरी त्यांना शिकवलं होतं, तीन बटणं एकदम दाबली की आत कोण कोण कामावर आहे त्याची यादी दिसते, आणि जो अडवून बसलाय त्याला तिथूनच बाहेर काढता येतं. तेवढं एकच त्यांच्या लक्षात राहिलं होतं, कारण ते त्यांच्या कामाचं होतं. त्यांनी तीन बटणं दाबली. यादी उघडली. त्या ब्राउझरचं नाव एकाखाली एक दहा-बारा वेळा आलेलं.

पुढचं मी सांगायची गरज नाही, पण सांगते. आयुष्यभर गेटवर उभा राहिलेला माणूस. एका नावावर दहा हजेऱ्या! त्यांना वाटलं, सापडला चोर. सगळी मेमरी हे बोगस लोक खातायत आणि माझ्या पोराचं काम अडतंय. त्यांनी खालून सुरुवात केली आणि एकेकाला बाहेर काढलं.

मी दुपारी स्कूटर लावली तर ते दारातच उभे. तोंडावर तेज. "सूनबाई, साफ केलं सगळं! एकाच नावावर दहा जण घुसले होते. एक ठेवला, बाकीचे हाकलले."

मी आत गेले. स्क्रीनवर पानाच्या जागी एक रडवेला चेहरा आणि इंग्रजीत काहीतरी दिलगिरी. मी पान परत उघडलं. अक्षरांच्या ओळी आल्या. वरचा चौकोन कोरा. नवरा माझ्याकडे बघत होता. त्याच्या कानाजवळ उशी ओली झाली होती. तो स्वतःच्या हाताने डोळे पुसू शकत नव्हता, आणि सासरे दारात माझी वाट बघत उभे होते.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. शेजारच्या बाई गॅलरीत आल्या होत्या एवढं सांगते. "तुम्हाला अक्कल आहे का? त्याचं बोलणं होतं ते! त्याचं बोलणं हाकललंत तुम्ही!" सासरे आधी भांडले. "बोगस होते ते! मी काय आजचा हाय का? एकाच नावाचे दहा कसे असतील?" मग त्यांची नजर पोराच्या उशीकडे गेली आणि ते मटकन खाली बसले. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. कपाळावर हात मारून घ्यायचे आणि म्हणायचे, "पोरानं 'जगायचं' म्हणून लिहिलं असंल आणि म्या पुसलं. म्या बापानं."

मी नवऱ्याजवळ बसले आणि शांतपणे सांगितलं, "झालं ते झालं. मोठं नको लिहूस. दोनच शब्द लिही. नळी हवी किंवा नळी नको. मी बाहेर जाते." त्याने डोळे मिटले. मला वाटलं, समजला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आले तर कॉम्प्युटरमधल्या त्या बाईचा आवाज जिन्यातच ऐकू आला. "बाबा. ते बोगस नाहीत." एवढंच. सकाळभरात एवढंच, कारण बोटही आता मंद झालं होतं. सासरे पलंगाजवळ स्टुलावर, तोंड उघडं टाकून ऐकत होते.

नंतरच्या दिवशी, "आधी एकच माणूस सगळी कामं करायचा. तो पडला की सगळं बंद."

सासरे म्हणाले, "मंग?"

मग पुढची सकाळ. "आता प्रत्येक पानाला वेगळा. एक पडला तरी बाकीचे चालू."

"पण नाव एकच कसं रं सगळ्यांचं?" सासऱ्यांनी विचारलं. खोटं कशाला बोलू, ते विचारताना त्यांचा आवाज गेटवरचा झाला होता. बोट दिवसभर झगडलं. संध्याकाळी बाई म्हणाली, "मालक एकच."

सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली. "हां! कंत्राटदाराचे मजूर! कामं येगळी, मशिनी येगळ्या, पण हजेरी कंत्राटदाराच्या नावावर. मंग आधी सांगायचं ना!" आणि त्या दिवसानंतर ते पहिल्यांदा पोटभर जेवले.

आणि मी? माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी त्याच्या तोंडासमोर जाऊन म्हटलं, "अरे, कशावर घालवतोयस बोट? त्यांना ब्राउझर शिकवून तुला काय मिळणार आहे? आग लागो त्या ब्राउझरला. तुझं लिही! माझ्यासाठी लिही!" तो माझ्याकडे बघत राहिला. डोळ्यांत राग नव्हता. मला वाटतं, दया होती, आणि ती मला सहन झाली नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

त्यानंतरही तो लिहीत होता ते बापासाठीच. "एका पानाने दुसऱ्याचं वाचू नये म्हणूनही वेगळे." सासऱ्यांना ते फार पटलं. ते शेजारच्या बाईंनाही सांगून आले, की अपडेट झाल्यावर एकाचे दहा होतात, घाबरायचं नसतं, त्यात एक लटकला तर त्याच्या पाठी सगळे लटकत नाहीत, मेमरी जास्त खातात तेवढं सोसायचं. माझ्या नवऱ्याचं उभ्या आयुष्यातलं शेवटचं बोलणं म्हणाल तर हे. ज्या दिवशी बोट हललं नाही त्याच्या आदल्या दिवशी बाईच्या आवाजात तो एवढं म्हणाला होता, "तुम्ही काढलेत त्यातला एक माझ्या पानाचा होता. मी रागावलो नाही."

दुसऱ्या सकाळी बोट बटणावर ठेवलेलं होतं, पण दाबलं जात नव्हतं. मी ते माझ्या हातात घेतलं. गरम होतं, नेहमीसारखं.

मी तरी सोडलं नाही. पाटीवर अक्षरं लिहिली आणि एकेकावर बोट ठेवून विचारायला बसले. म्हटलं, हवं त्या अक्षराला डोळे मिट, कितीही वेळ लागू दे. त्याने छताकडे बघितलं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा छताकडे. मला आजही वाटतं, त्याला ते परत लिहायचंच नव्हतं. एकदा सगळा जीव गोळा करून लिहिलं होतं, तेवढंच बळ होतं. किंवा पुसलं गेल्यावर त्याला सुटल्यासारखंही वाटलं असेल. माणसाला तसं वाटू शकतं. पण हे माझं आपलं, त्याने कधी सांगितलं नाही.

थंडी सरता सरता कफ झाला, ताप आला, आणि एका संध्याकाळी त्याचे ओठ निळे दिसायला लागले. ॲम्ब्युलन्स त्र्यंबक रोडने जाताना सासरे पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते आणि प्रत्येक रिक्षावाल्याला खिडकीतून शिव्या घालत होते. दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "आता वेळ नाही. काय ठरलंय तुमचं?"

मला खात्री होती की सासरे पुढे होतील आणि "घाला" म्हणतील. मी भांडायची तयारी ठेवली होती. मनातल्या मनात वाक्यंसुद्धा जुळवली होती, त्याला यातून सोडवा, त्याचे हाल करू नका. पण सासरे एक पाऊल मागे सरकले. भिंतीला टेकले. "हिला विचारा," ते म्हणाले. "म्या एकदा त्याच्या मधी हात घातला. आता नाय घालायचा."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. अहो, मी रोज कितीतरी लोकांना सुई टोचते, माझा हात थरथरत नाही. पण माझ्या तोंडून "नको" निघेना. ते दोन अक्षरी वाक्य त्याचं होतं की माझं, हे मला कळत नव्हतं. त्याच्या शब्दांत असतं तर मी ते मोठ्याने वाचलं असतं. माझ्या एकटीच्या शब्दांत मला ते म्हणवेना. दवाखान्यात कुणीतरी ट्रॉली ढकलत आलं आणि मला बाजूला व्हायला सांगितलं. मी बाजूला झाले आणि म्हणाले, "घाला."

आता तो घरी आहे. गळ्यात नळी आहे, पलंगाशी मशीन आहे, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे. दिवसातून अनेकदा कफ खेचावा लागतो, ते मी आणि सासरे दोघंही शिकलोय. सासऱ्यांचा हात माझ्याहून हलका आहे. ते त्याच्याशी दिवसभर बोलतात, गेटवरच्या गोष्टी सांगतात, मधेच विचारतात, "ऐकतोस ना रे?" तो काही करत नाही. डोळे मिटत नाही, छताकडे बघत नाही. मी विचारते, पाठ दुखते का? कूस बदलू का? काही नाही. एकदा दार लावून घेतलं आणि विचारलं, "मी चूक केली का?" तेव्हाही काही नाही.

मला वाटलं, आजार डोळ्यांपर्यंत पोचला. गेल्या महिन्यात डॉक्टर आले तेव्हा मी त्यांना तपासायला लावलं. त्यांनी टॉर्च मारली, बोट फिरवलं, बराच वेळ बघितलं. मग मला बाहेर घेऊन आले. "डोळे उत्तम आहेत," ते म्हणाले. "पापण्याही. ऐकू येतंय, कळतंय सगळं."

"मग उत्तर का देत नाही?"

"ते मी कसं सांगू?"

मी आत गेले. सासरे त्याचे पाय चोळत होते. मी खोलीत इकडून तिकडे गेले, खिडकी लावली, पाण्याचा तांब्या हलवला. त्याची नजर माझ्यामागे फिरत होती. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "एकदाच सांग. हो की नाही, एवढंच." तो डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत राहिला.